पांढरा देव म्हणजे कच्ची मूर्ती

पेणमध्ये वाढलेल्या माणसाला पांढऱ्या मूर्तीचं अप्रूप नसतं. माझ्या काकांचा गणपतीचा कारखाना होता. उन्हाळा लागला की पडवीत, ओटीवर, माडीवर, जिथे पाय ठेवायला जागा असेल तिथे पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लागायच्या. साच्यातून निघालेल्या, सांधे बुजवलेल्या, काचपेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. त्यांना आम्ही कच्च्या मूर्ती म्हणायचो. त्यातल्या कितीतरी तशाच ट्रकमध्ये गवतात रचून मुंबई-पुण्याला जायच्या, तिथले लोक त्या रंगवून विकायचे. ज्या घरी थांबायच्या त्यांना आधी बॉडी कलर, मग गालावर, कानामागे, सोंडेच्या वळणावर शेडिंग, मग पितांबर, शेला, दागिने, आणि सगळ्यात शेवटी आखणी.

आखणी म्हणजे डोळे. हे काम सगळ्यांना जमत नाही. आमच्याकडे आखणीला एक वयस्कर कारागीर यायचे, त्यांची मजुरी वेगळी ठरलेली असायची. डाव्या हाताच्या करंगळीचा टेकू मूर्तीच्या गालाला लावून ते एका दमात वरच्या पापणीची रेघ ओढायचे, आणि तेवढा वेळ पाहणाराही श्वास धरून उभा राहायचा. आखणीच्या आधी ती मूर्ती आम्ही मुलं काखोटीला मारून इकडून तिकडे न्यायचो. आखणी झाली की काकू येताजाता हात जोडायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मुंबईतलं एक प्रदर्शन. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०२३ च्या डिसेंबरात भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम इथली प्राचीन शिल्पं एकत्र मांडली होती. ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची संग्रहालयं आणि लॉस एंजेलिसचं गेटी यांनी आपल्या संग्रहातल्या मूर्ती पाठवल्या होत्या. मी चित्रकला शिकवतो. आठवीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. एका संगमरवरी चेहऱ्यासमोर एक मुलगा बराच वेळ थांबला आणि मला म्हणाला, “सर, ह्याची आखणी राहिलीय का?”

मी त्याला उत्तर दिलं ते अर्धवट होतं. तेव्हापासून पुरतं उत्तर द्यायचं मनात आहे, म्हणून हे लिहितोय. आखणी राहिलेली नव्हती. झाली होती, आणि ती गेली. काही पावसापाण्याने गेली, काही मातीत गेली, आणि काही माणसांनी घासून काढली. त्याहून वाईट गोष्ट अशी, की ती गेल्यानंतर जे उरलं तेच मूळ, तेच शुद्ध, तेच सुंदर, असं अडीचशे वर्षं जगाला शिकवण्यात आलं. संग्रहालयं आजही बहुतेक ठिकाणी तेच शिकवतात. तोंडाने नव्हे, मांडणीने. पांढऱ्या भिंती, वरून पडणारा पांढरा उजेड आणि पांढरे देव. माझं म्हणणं असं आहे की ही मांडणी बदलली पाहिजे. मूळ दगडाला कुणी हात लावू नये. पण प्रत्येक मोठ्या संग्रहालयात अशा मूर्तींशेजारी त्यांची रंगीत प्रतिकृती कायमची उभी असावी. वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या फिरत्या प्रदर्शनात तेवढ्यापुरती दाखवून ती परत गोदामात जाऊ नये.

ग्रीक आणि रोमन मूर्ती रंगवलेल्या असत, ही गोष्ट कधीच गुपित नव्हती. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात हेलन, जिच्यापायी ट्रॉयची लढाई झाली ती, स्वतःच्या रूपाला कंटाळून म्हणते, मूर्तीवरचा रंग पुसावा तसं हे सौंदर्य पुसून टाकता आलं असतं तर! म्हणजे रंग पुसलेली मूर्ती ही त्या प्रेक्षकाच्या लेखी विद्रूप झालेली मूर्ती होती. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की प्राक्सिटेलीसला कुणी विचारलं, तुमच्या संगमरवरी कामांतली तुम्हाला स्वतःला कोणती सर्वांत आवडतात? प्राक्सिटेलीस म्हणजे ज्याची निडोसची अफ्रोडायटी, म्हणजे सौंदर्यदेवतेची मूर्ती, बघायला लोक समुद्र ओलांडून जात, तो शिल्पकार. तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागला ती. निकियास चित्रकार होता. मूर्तींना रंगाचा शेवटचा हात तो द्यायचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या कारखान्यातले ते आखणीवाले आठवले. आमच्या काकांनीही हेच उत्तर दिलं असतं.

मग पांढऱ्याची ही समजूत आली कुठून? रोममध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकात जमिनीतून मूर्ती निघू लागल्या. १५०६ मध्ये लाओकून सापडला: ट्रॉयचा पुरोहित, दोन मुलगे आणि तिघांना विळखा घातलेले साप. हजार-दीड हजार वर्षं मातीत पडलेल्या त्या दगडांवर रंग डोळ्यांना दिसेल इतका उरला नव्हता. जो थोडा होता तो मातीच्या पापुद्र्यासकट धुतला गेला. तेव्हाच्या शिल्पकारांनी समोर दिसलं ते प्रमाण मानलं आणि आपली शिल्पं पांढरी ठेवली. त्यांच्या हातून जे घडलं ते अस्सल आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. मायकेलँजेलोचा डेव्हिड पांढराच योजलेला आहे आणि तो तसाच बघावा.

पण अठराव्या शतकात योहान व्हिंकेलमान या जर्मन विद्वानाने त्या योगायोगाचा सिद्धांत केला. १७६४ मध्ये त्याचा प्राचीन कलेचा इतिहास प्रसिद्ध झाला. शरीर जितकं पांढरं तितकं सुंदर, असं त्याने लिहिलं. खरं सौंदर्य आकारात असतं, रंग दुय्यम. व्हिंकेलमान मूर्ख नव्हता. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात १७६० मध्ये शिकारीची देवी आर्टेमिस हिची एक लहान मूर्ती निघाली, तिच्या केसांवर, वस्त्राच्या काठावर रंग स्पष्ट दिसत होते, आणि त्याने स्वतःच त्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर होता. तरी त्याच्यानंतरच्या युरोपने त्याचा सिद्धांत उचलला आणि त्याची नोंद सोडून दिली.

कारण तो सिद्धांत सोयीचा होता. रंग म्हणजे भडक, भडक म्हणजे पूर्वेकडचं, अडाणी, बायकी. पांढरं म्हणजे संयमी, बुद्धिनिष्ठ, युरोपचं. एकोणिसाव्या शतकात जेव्हा माणसांचीही त्वचेवरून प्रतवारी लावली जात होती, तेव्हा अपोलोचा पांढरा दगडी चेहरा त्या उतरंडीच्या माथ्यावर बसवला गेला. हा अपोलो म्हणजे व्हॅटिकनमधला बेल्व्हेडेअर अपोलो, जो मुळात बहुधा एका ग्रीक कांस्यमूर्तीवरून रोमन काळात घडवलेली नक्कल आहे. उन्हाने रापलेल्या भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी घडवलेले देव, त्यांचा रंग गेला म्हणून, उत्तर युरोपातल्या लोकांच्या गोरेपणाचे पुरावे ठरले. आजही हे संपलेलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका इतिहासाच्या प्राध्यापिकेने, या मूर्ती पांढऱ्या नव्हत्या, एवढीच जुनी माहिती पुन्हा लिहिली, तर तिला धमक्या आल्या. संगमरवराच्या रंगावरून जीवे मारण्याची धमकी येते, तेव्हा हा प्रश्न अभ्यासकांच्या खोलीतला राहत नाही.

आता रंग गेल्याने नेमकं काय गेलं ते एका मूर्तीपुरतं जवळून बघू. अथेन्ससमोरच्या एजिना बेटावर अफाया देवीचं मंदिर आहे, साधारण इ.स.पू. ४९० ते ४८० च्या सुमाराचं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी माथ्यांवर ट्रॉयच्या लढाईचे प्रसंग होते, मधोमध अथेना, दोन्हीकडे लढणारे, पडणारे, मरणारे वीर. १८११ मध्ये इंग्रज आणि जर्मन वास्तुविशारदांच्या एका गटाने हे तुकडे उकरून काढले. रंगाच्या खुणा तेव्हा दिसत होत्या आणि त्यांनी त्या नोंदवल्याही. बव्हेरियाच्या युवराजाने मूर्ती विकत घेतल्या. रोममध्ये थोरवाल्डसेन या नामवंत शिल्पकाराने त्यांना नवे हात, पाय, डोकी बसवली आणि त्या म्युनिकला गेल्या. थोरवाल्डसेनने बसवलेले ते अवयव १९६० च्या दशकात काढले.

यात एक धनुर्धारी आहे, गुडघ्यावर बसून प्रत्यंचा ताणलेला. पांढऱ्या दगडात तो एक सडपातळ तरुण दिसतो, अंगाला घट्ट काहीतरी घातलेलं, डोक्याला टोपी. जवळजवळ उघडाच वाटतो. फिंट्सेंट्स ब्रिंकमान आणि उलरिक कॉख-ब्रिंकमान या जर्मन पुरातत्त्वज्ञ दांपत्याने त्यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांची मुख्य पद्धत अगदी साधी आहे: दिवा मूर्तीच्या अंगालगत तिरपा धरायचा. रंग उडाला तरी तो असेपर्यंत त्याने खालचा दगड पावसापासून राखलेला असतो. कुठला रंग जास्त वर्षं टिकला, कुठला लवकर गेला, त्याप्रमाणे दगड कमीजास्त झिजतो. केसाच्या जाडीइतकी ती उंचसखलता तिरप्या उजेडात सावल्या टाकते, आणि दगडावर नक्षी उमटते. या धनुर्धाऱ्याच्या पायांवर आणि बाह्यांवर चौकटीचौकटींची दाट नक्षी उमटली. लाल, निळी, हिरवी, पिवळी. तो उघडा नव्हता. अंगभर विणीचे रंगीबेरंगी कपडे घातलेला, ग्रीकांना पाहताक्षणी परका वाटणारा पूर्वेकडचा योद्धा होता. बहुतेक अभ्यासक त्याला ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस मानतात, ज्याने हेलनला पळवलं आणि जिच्यापायी ही लढाई झाली.

म्हणजे रंग हा वरून दिलेला मुलामा नव्हता. कोण आपला, कोण परका, कोण देव, कोण मर्त्य, ही गोष्टच रंगात सांगितलेली होती. पितांबर पुसला, कपाळावरचं गंध पुसलं, शेल्याचा काठ पुसला, तर आपल्याकडच्या कितीतरी देवांचं नाव नुसत्या आकारावरून सांगता येणार नाही. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर १८८६ मध्ये सापडलेल्या ‘पेप्लोस कोरे’चं तेच झालं. इ.स.पू. ५३० च्या सुमाराची ही मूर्ती, साधारण चार फूट उंच. साधा पायघोळ पेप्लोस नेसलेली एक मुलगी, असंच शंभर वर्षं लिहिलं गेलं. इराणी फौजांनी इ.स.पू. ४८० मध्ये अ‍ॅक्रोपोलिस उद्ध्वस्त केलं, नंतर अथेन्सकरांनी मोडक्या मूर्ती तिथेच पुरल्या. त्यामुळे तिचे रंग इतरांपेक्षा बरेच टिकले होते. ब्रिंकमानांनी तपासलं तेव्हा वस्त्राच्या पुढच्या पट्ट्यावर प्राण्यांच्या ओळी दिसल्या. असं वस्त्र साध्या मुलीला शोभणारं नाही, ही देवी असली पाहिजे, बहुधा आर्टेमिस, असं त्यांचं मत. सगळे विद्वान ते मानत नाहीत. पण वाद मुलगी की देवी एवढा मोठा आहे, आणि तो सगळा रंगाच्या पुराव्यावर उभा आहे.

डोळ्यांचंही असंच. माझ्या विद्यार्थ्याने विचारलं तेच. संगमरवरात बुबुळ कोरायची रीत रोममध्ये इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सम्राट हेड्रियनच्या सुमाराला पडली. त्याआधी बुबुळ रंगाने काढत, किंवा वेगळे डोळे बसवत. म्हणून बहुतेक ग्रीक चेहरे आज आंधळे दिसतात. त्या कोऱ्या नजरेवर युरोपात किती कविता झाल्या! ती नजर शांत आहे, काळापलीकडे पाहते आहे वगैरे. ती कुठेच पाहत नाही, कारण तिचे डोळे पुसलेले आहेत.

रंग आपोआप गेला असं म्हणून सोडून देता आलं असतं, तर राग आला नसता. पण प्लास्टरचे साचे घेताना मूर्तींना जे काही फासलं गेलं आणि नंतर ते काढायला जे धुणं झालं, त्यात उरलेसुरले कण गेले. आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जे झालं ते तर जाणूनबुजून. ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन या मंदिराच्या शिल्पांसाठी धनाढ्य कलाव्यापारी लॉर्ड ड्युव्हीन यांच्या पैशांतून नवं दालन बांधलं जात होतं. शिल्पं आणखी पांढरी दिसावीत ही त्यांची इच्छा. या शिल्पांचा, अथेन्सजवळच्या पेंटेलिक डोंगराचा संगमरवर लोहाच्या अंशामुळे काळाच्या ओघात मधासारखा सोनेरी होतो. कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडम या घासायच्या कठीण दगडाने तो थर खरवडला. सूर्यदेव हेलिओसचा भाग, चंद्रदेवी सेलीनच्या रथाचा तो प्रसिद्ध घोडा, देवांची दूती आयरिस, सगळे त्यात सापडले. १९३८ मध्ये प्रकार उघडकीला आला, चौकशी झाली, आणि बराचसा तपशील दडपला गेला. थेट १९९९ मध्ये म्युझियमने त्यावर उघड परिसंवाद घेतला. मूळ रंग तेव्हा आधीच बहुतांश गेलेला होता हे मान्य. पण ज्या पृष्ठभागात त्याचे कण शोधायचे तो पृष्ठभागच गेला.

आणि तरीही कण सापडले. इजिप्शियन ब्लू नावाचा निळा रंग वाळू, तांबं, चुना आणि क्षार एकत्र भाजून बनवत. त्याच्यावर लाल उजेड टाकला की तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो, आणि योग्य कॅमेऱ्यात अंधारातल्या काजव्यासारखा चमकतो. एक कण उरला असेल तरी. जोव्हान्नी व्हेर्री या संशोधकाने २००९ मध्ये याच पद्धतीने आयरिसच्या कंबरपट्ट्यावर निळा शोधला. पुढे २०२३ मध्ये आणखी शिल्पांवरचे निष्कर्ष आले: हेलिओस ज्या समुद्रातून वर येतो त्या लाटा निळ्या होत्या, डायोनी देवीच्या वस्त्रावर नक्षी रंगवलेली होती. तीच शिल्पं, त्याच इमारतीत, दोनशे वर्षं लोक बघत होते.

रंगीत प्रतिकृतींवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे त्या भडक दिसतात, खेळण्यांसारख्या. मलाही त्या पहिल्यांदा भडक वाटल्या. २००३ मध्ये म्युनिकला ब्रिंकमानांचं पहिलं मोठं प्रदर्शन झालं, पुढे ते जगभर फिरलं, आणि हीच तक्रार सगळीकडे झाली. पण पेणच्या माणसाला त्या प्रतिकृतीत काय कमी आहे ते लगेच कळतं. बॉडी कलर झालाय, शेडिंग झालेलं नाही. दगडाच्या भेगांत जे कण उरतात ते बहुतेक सगळ्यात खालच्या हाताचे. त्यावर निकियाससारख्याने काय केलं असेल, एका रंगावर दुसरा पातळ रंग किती वेळा फिरवला असेल, मेण लावून कशी झळाळी आणली असेल, ते कणांवरून कळत नाही, आणि शास्त्रज्ञ जे कळत नाही ते रंगवायला कचरतात. हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. म्हणून प्रतिकृती एकच असू नये. एक सिद्ध झालेल्या रंगांपुरती, दुसरी अंदाज बांधून पूर्ण केलेली, आणि दोन्हींवर तसं स्पष्ट लिहिलेलं. अंदाज आहे म्हणून रंग दाखवायचाच नाही, हे मला पटत नाही. पांढरी मूर्ती हासुद्धा अंदाजच आहे, आणि तो चुकीचा आहे हे तर सिद्ध झालेलं आहे.

दुसरा आक्षेप असा की रंग द्यायचा तर संगमरवर कशाला, कुठलाही दगड चालला असता. चालला नसता. चांगल्या संगमरवरात उजेड थोडा आत शिरतो आणि परततो. पातळ रंगाखालून तो अंगातल्या रक्तासारखा जाणवतो. पॅरोस बेटाचा संगमरवर त्यासाठीच दूरदूरहून मागवत. ब्रिटिश म्युझियममध्येच रोममधून आलेलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं एक स्त्रीमुख आहे, ‘ट्रॉय हेड’ म्हणून ओळखलं जाणारं, गेओर्ग ट्रॉय या अभ्यासकाच्या नावावरून. त्याच्या चेहऱ्यावर त्वचेचा रंग अजून आहे.

आपला याच्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून मुलांचा हात घडवला जाऊ लागला. पांढरा प्लास्टर, एका बाजूने उजेड, कोळशाने छायाप्रकाश. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांची मंदिरपथगामिनी, म्हणजे देवळाला निघालेल्या तरुणीची मूर्ती, याच वातावरणात घडली, प्लास्टरमध्ये, पांढरी, आणि अतिशय देखणी. मीही तसाच शिकलो आणि त्या सरावाचे उपकार मानतो. पण त्या सरावाबरोबर एक गोष्ट नकळत आत गेली. पांढरं ते ‘फाइन आर्ट’ आणि रंगवलेलं ते ‘कारखान्यातलं’. कॉलेजात असताना घरी मूर्ती रंगवतात हे मी वर्गमित्रांना पहिली दोन वर्षं सांगितलं नव्हतं. वेरूळच्या कैलासावर चुन्याच्या गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आहेत, हे मला सहलीत समोर उभं राहूनही दिसलं नव्हतं. बघायची नजरच पांढरी झाली होती.

म्हणून मुंबईच्या संग्रहालयांना आणि कलाशाळांना माझी एक विनंती आहे. प्राचीन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आपल्याकडे आहेत, नव्या साच्यांतून आणखी करता येतील. एजिनाच्या त्या धनुर्धाऱ्याची एक करावी. संशोधकांनी शोधलेले रंग आणि नक्षी जशीच्या तशी हातात घ्यावी, रसायनशास्त्राचा जाणकार बरोबर घ्यावा, आणि रंगाचं काम पेणच्या, शेडिंग आणि आखणी करणाऱ्या कारागिरांकडे द्यावं. खालचा हात सुकल्यावर वरचा कधी फिरवायचा, गालावर किती पातळ सोडायचा, विणीच्या कपड्याची नक्षी गुडघ्याच्या वळणावर कशी वळवायची, हे त्यांना रोजचं आहे. काम दालनातच व्हावं, लोकांसमोर, कच्च्या मूर्तीपासून. डोळे शेवटी ठेवावेत, आणि त्या दिवशी शाळेच्या मुलांना बोलवावं.